चष्मेवाल्याची शिफारस

…नाही, पण मी काय म्हणतो, बघितला असता तो पिक्चर तर काय डोळे झिजले असते या गिऱ्हाइकांचे? आणि समजा झिजले असते, तर मी कशाला बसलोय इथे? नवा नंबर काढून दिला असता की! पण नाही! "बघतो हं काका," म्हणायचं, मान डोलवायची, चष्मा नाकावर चढवायचा आणि घरी जाऊन तेच बघायचं जे सगळं जग बघतंय! एकानं दुसऱ्याला उचलून आपटला, गाडी हवेत उडाली, सून रडली, सासू हसली, संपलं! अरे, यासाठी का मी तुम्हाला काचा घासून दिल्या?

तुम्हाला सांगतो, बाजाराच्या तोंडाशी माझं चष्म्याचं दुकान आहे, आणि आसपासच्या गल्ल्यांत ज्याच्या ज्याच्या नाकावर चष्मा आहे ना, तो माझ्या हातचा. शाळेच्या मुख्याध्यापिका माझ्याच काचेतून पोरांवर डोळे वटारतात. शेजारचा औषधवाला माझ्याच काचेतून डॉक्टरांचं अक्षर लावतो, आणि लागतं हो त्याला, यावरून काय ती काच ओळखा! तर एवढ्या लोकांना दिसायला लावलं मी, मग काय बघायचं हे सांगायचा मला हक्क नाही? आहे! आणि नुसता हक्क नाही, पारख आहे. कुठला पिक्चर बिचारा चांगला असून कोपऱ्यात पडलाय, कुठल्या नव्या मालिकेत दम आहे, हे मला सुरुवातीलाच कळतं, नावं पडद्यावरून सरकायच्या आत कळतं. पारख लागते हो, पारख! ती काय डोळ्यांत थेंब घालून येत नाही.

माझी पद्धत सांगतो तुम्हाला. गिऱ्हाईक आलं की यंत्रासमोर बसवायचं. "हनुवटी टेकवा. कपाळ पट्टीला लावा. आत ठिपका दिसतोय? त्याच्याकडे बघत राहा. हलायचं नाही, बोलायचं नाही." एकदा का माणसाची हनुवटी तिथे टेकली की तो आपला! तोंड उघडलं तर नंबर चुकतो, उठला तर नंबर चुकतो, जातो कुठे? मग मी हळूच सुरू करतो… "तो कुलूपवाल्याचा पिक्चर बघितलात का हो?"

तुम्ही बघितलाय? नाही ना? वाटलंच! अहो, एक कुलूपवाला असतो. कसलंही कुलूप असू द्या, हा नुसता कान लावणार, तार फिरवणार, खट्ट! उघडलं! आणि घरी काय? बायकोनं अबोला धरलाय. का धरलाय, ते पिक्चर संपेपर्यंत कुणी सांगत नाही! आणि शेवटी… ऐका, शेवटी हा गडी स्वतःच्याच घराच्या दाराला कान लावून उभा राहतो. आत भांडी घासल्याचा आवाज. याच्या खिशात सगळी हत्यारं. आता तुम्हाला वाटतं, हा तार काढणार… आणि हा दार वाजवतो! नुसतं वाजवतो हो, परक्यासारखं! संपला पिक्चर! मी उठलोच नाही जागेवरून. थिएटरात दोघंच होतो, मी आणि तो जागा दाखवणारा बॅटरीवाला. दोघांचेही डोळे ओले. तो म्हणाला, "मला सर्दी झालीय." असेल! पण मी डोळ्यांतला माणूस आहे, मला सर्दी आणि रडणं यातला फरक कळतो.

हे सगळं मी हनुवटी टेकवलेल्या माणसाला सांगायचो. आणि तो काय करायचा? नंबर निघाला रे निघाला की "किती दिवसांत मिळेल?" अरे, पिक्चरचं काय? "बघतो ना काका." पालथ्या घड्यावर पाणी!

मग मी चिठ्ठ्या सुरू केल्या. नवा चष्मा डबीत घालताना वर एक छोटीशी चिठ्ठी. पिक्चरचं नाव, आणि खाली 'अप्रतिम. चुकवू नका.' एवढंच. तर एक गृहस्थ तणतणत दुकानात! "हे काय हो, नव्या काचेवर ओरखडे!" म्हटलं, पुसलीत कशानं? तर म्हणे, "तुम्हीच दिला होता ना डबीत कागद!" कागद! माझ्या शिफारशीनं चष्मा पुसला त्यानं! वर भांडून काच बदलून घेतली, आणि पिक्चर? तो नाहीच बघितला!

आणि याउलट आमचे साडू. आमच्या हिच्या बहिणीचे यजमान. या माणसाला पिक्चर सुरू झाला की झोप लागते आणि संपला की जाग येते. पण शब्द काय त्याचा नातेवाइकांत! साडू म्हणाले "बघण्यासारखा आहे," की निघाली वरात! एकदा मी त्यांना त्या जिन्याच्या पिक्चरबद्दल सांगायला गेलो. म्हटलं, साडू, दोन सख्खे भाऊ आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत, आई गेलीय, आणि तिचं लाकडी कपाट वरच्या मजल्यावरून खाली उतरवतायत. अख्खा पिक्चर जिन्यात! पण काय जिना आहे! एक भाऊ दुसऱ्याला पहिलं वाक्य बोलतो ते थेट मध्यंतरानंतर, आणि काय बोलतो? "जरा डावीकडे घे." बास! अंगावर काटा! तर साडू कसे, एक डोळा मिटून, सुपारी कातरल्यासारखं बोलतात, "कपाटात काय निघतं?" म्हटलं, काही नाही निघत. "प्रेत-बित?" नाही हो! "मृत्युपत्र?" नाही! "मग लिफ्टनं का नाही आणलं?" …आता या माणसापुढे काय डोकं फोडून घ्यायचं? मी आपला उठलो आणि पाणी प्यायलो. पारख लागते, पारख! कपाट दिसलं की ज्याला प्रेत आठवतं त्याला काय सांगणार तुम्ही?

बरं, माझं काय बिघडत होतं? काही नाही. कुणी बघो न बघो, मी सांगत होतो, बरं चाललं होतं. पण मग आली ती मालिका. आणि तिथे माझी झोप उडाली, कारण ती लिहिली होती आमच्या मुलीनं.

हळू! ओरडू नका! तुम्ही या गल्लीतले नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. इथे कुणाला माहीत नाही अजून!

अहो, आमची मुलगी विम्याच्या ऑफिसात होती. पक्की नोकरी, खिडकीजवळची खुर्ची. पण लहानपणापासून ती वाढली या दुकानात. शाळा सुटली की इथे काउंटरमागे स्टुलावर बसायची, फडक्यानं काचा पुसायची आणि माणसं बघायची. कोण चष्मा लावल्यावर आधी आरशात बघतं, कोण बायकोकडे बघतं, कोण खिशाकडे बघतं, सगळं टिपायची कार्टी. आणि मी जे जे पिक्चर लोकांना सांगायचो ते लोकांनी नाही बघितले, पण तिनं बघितले! सगळे! या पृथ्वीतलावर माझं ऐकलेलं ते एक गिऱ्हाईक! तर एक दिवस आली आणि म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडली. मालिका लिहितेय. एका कंपनीनं घेतलीय." आमची ही मट्टकन खाली बसली. मी? मी बसलो नाही. मी उभाच होतो, छाती इतकी फुगली की बसताच येईना!

मालिका कसली, तर स्टेशनावर हरवलेल्या वस्तू ठेवायची खोली असते ना, तिथे खिडकीत बसणाऱ्या एका बाईची. रोज कुणीतरी येतं आपलं हरवलेलं शोधायला. कुणाची छत्री, कुणाचा डबा, कुणाचं काय. आणि ही बाई तुसडी! "वर्णन सांगा. रंग सांगा. पुरावा दाखवा." पण हळूहळू… जाऊ द्या, मी सांगायला लागलो की थांबत नाही.

पण कंपनीवाले म्हणजे कंपनीवाले. त्यांनी सांगून टाकलं, सुरुवातीलाच लोकांनी बघितली तर दुसरा भाग, ते सीझन म्हणतात ना तो, लिहायला देऊ, नाही तर नमस्कार. आणि तिकडे विमावाले साहेब माणूस चांगला, म्हणाले, "तुझी खुर्ची थोडे दिवस ठेवतो, काय ते ठरव आणि कळव." पोरगी तोंडानं म्हणायची, "नाही चालली तर जाईन परत, त्यात काय एवढं!" पण बापाला कळत नाही होय? जेवताना भाताची शितं मोजत बसायची. एकदा ती खुर्ची धरली असती ना, तर पुन्हा पेन उचललं नसतं तिनं. मला पक्कं ठाऊक होतं.

मी म्हटलं, घाबरतेस काय, हा बाप बसलाय ना! बोर्ड लावतो दुकानावर! तर काय म्हणाली? "बाबा, माझी शपथ आहे. मी तुमची मुलगी म्हणून कुणाला सांगायचं नाही. मला कौतुकानं बघणारे नकोत. आवडली तर बघतील." आणि नावसुद्धा कसं लावलंय, तर पुढे स्वतःचं टोपणनाव आणि मागे आईचं नाव, आडनावाचा पत्ता नाही! ताकास तूर लागू द्यायला नको. आमच्या हिनं तर सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. हिच्या पोटात एवढी मोठी गोष्ट राहिली, हा आमच्या घरातला पहिला चमत्कार.

ज्या दिवशी मालिका आली त्या दिवशी दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. ही डबा घेऊन आली होती. फोन उभा केला फ्रेमांच्या स्टँडला टेकवून, आणि बसलो दोघं बघत. तुम्हाला सांगतो, आपल्या पोरीचं नाव पडद्यावर आलं ना… मी चष्मा काढून पुसला, तरी अंधुकच! चष्मेवाला असून! काच स्वच्छ होती हो, भानगड काचेत नव्हती.

त्यात एक प्रसंग आहे. एक म्हातारा येतो, म्हणतो चष्मा हरवलाय. बाई टोपलीभर चष्मे काढून पुढे ठेवते. तो एकेक लावून बघतो, आणि प्रत्येक वेळी तिच्याकडे बघून म्हणतो, "हा नव्हे." सगळे लावून होतात. आणि मग त्या बाईच्या लक्षात येतं की याचा चष्मा हरवलेलाच नाहीये, याच्या खिशातच आहे. त्याला फक्त कुणीतरी समोर बसून "आता दिसतंय का? आता दिसतंय का?" असं विचारायला हवंय. ती काय करते? टोपली परत पुढे ढकलते आणि म्हणते, "पुन्हा पहिल्यापासून बघू या." …मी तर फुटलोच. आमची ही डब्यातली पोळी हातात तशीच धरून बसली होती. मी म्हटलं, अगं, ही आपली! ही आपल्या पोटची! पारख सोड, मी बाप नसतो तरी सांगितलं असतं, ही पुढे जाणार!

मग काय, दुसऱ्या दिवसापासून मी सुटलो! हनुवटी टेकली की मालिका! "ती नवी मालिका बघितलीत? हरवलेल्या वस्तूंची? अप्रतिम! चुकवू नका!" डबीत चिठ्ठी, काउंटरवर चिठ्ठी, आरशाला चिठ्ठी! नंबर काढायचा नसलेल्या माणसालासुद्धा हाक मारून आत बसवायचो, "या, फुकट तपासतो," म्हणायचो. एकाची तर नजर चांगली निघाली, तो बिचारा ओशाळून म्हणाला, "काहीतरी काढाच नंबर, एवढी मेहनत घेतलीत!" असा मी झटत होतो, आणि रोज विचारायचो, बघितली का? बघितली का? "बघतो ना काका." "वेळच नाही हो." एकजण नाही! एक माणूस बघेल तर शपथ! आणि घरी पोरगी दिवसेंदिवस गप्प. एकदा बघतो तर विमावाल्या साहेबांचा नंबर काढून फोनकडे बघत बसलेली.

शेवटी मी शेजारच्या औषधवाल्याला धरला. म्हटलं, बाबा रे, तू तरी बघ, तुझ्या पाया पडतो. तो इकडे बघतो, तिकडे बघतो, खोकल्याच्या बाटल्या उगाच सारख्या करतो. म्हणाला, "काका, राग मानू नका… खरं सांगू का? तुम्ही चांगलं म्हटलेलं आम्ही कुणी बघत नाही." मी म्हटलं, कुणी म्हणजे? तर म्हणतो कसा, "कुणी म्हणजे कुणीच. गल्लीत तसं ठरूनच गेलंय. चष्मेवाले काका 'अप्रतिम' म्हणाले की तिकडे फिरकायचं नाही. आणि तुम्ही 'टाकाऊ' म्हणालात ना, की घरातल्या सगळ्यांना घेऊन बसायचं! आजवर एकदाही फसलो नाही काका. फार उपयोग होतो तुमचा!"

उपयोग होतो! मी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसलो, खरंच बसलो. डोक्यात सगळं उलटं फिरायला लागलं. त्या भुताच्या हॉटेलच्या पिक्चरला मी किती नावं ठेवली होती, गल्लीत प्रत्येक खिडकीतून किंकाळ्या ऐकू येत होत्या. त्या जुळ्या बहिणींच्या मालिकेला मी 'डोळ्यांचा दाह' म्हटलं होतं, तर मुख्याध्यापिकाबाईंनी शिक्षकांच्या खोलीत बसून बघितली! म्हणजे इतकी वर्षं हे माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकत होते ते यासाठी? आणि मी समजत होतो, माझं वजन आहे! होतं हो वजन, पण पारड्यातल्या चुकीच्या बाजूला!

राग आला. खूप आला. त्याला चार शब्द सुनावणार, तेवढ्यात… तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी म्हटलं, थांब. आपली पोरगी. दुसरा भाग. अडला हरी… आणि मी उठून औषधवाल्याला मिठी मारली. त्याला वाटलं, मला भोवळ आली. ग्लुकोज घेऊन धावला.

घरी हिला सांगितलं, उद्यापासून मी त्या मालिकेला शिव्या घालणार. ही लाटणं घेऊनच वळली. "स्वतःच्या पोरीला नावं ठेवणार? जीभ झडत नाही तुमची?" म्हटलं, अगं, माझ्या कौतुकानं तिचा घात होतोय, निदान शिव्यांनी तरी भलं होऊ दे! ही लाटणं पोळपाटावर ठेवत म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा कामाचं बोललात. पण जपून बोला, जास्त लागेल असं नको." आई शेवटी आई!

आणि गल्लीत बातमी पसरवायची तर वर्तमानपत्र लागत नाही, मुख्याध्यापिकाबाई पुरतात. त्या आल्याच दुसऱ्या दिवशी, वाचायच्या चष्म्याचा नंबर बदललाय म्हणून. बसवलं. हनुवटी टेकवली. ठिपका दाखवला. आणि मनात पोरीची माफी मागून सुरू केलं, "बाई, ती हरवलेल्या वस्तूंची मालिका मी आधी चांगली म्हणत होतो ना, ती चुकूनसुद्धा बघू नका हं. टाकाऊ आहे. एक बाई खिडकीत बसते, लोक येतात, छत्र्या विचारतात. ना मारामारी, ना लफडं. आणि एक चष्म्याचा प्रसंग आहे, काय तो… काय तो पोरखेळ!" आणि तुम्हाला सांगतो, यंत्रातून बघत होतो ना मी, बाईंच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झाल्या! टप्पोऱ्या! माणूस तोंडानं खोटं बोलेल, बाहुली नाही बोलत! बाई म्हणाल्या, "हो का? अगदी टाकाऊ?" म्हटलं, अगदी. "कुठे लागते?" …लागला मासा!

मग मी मागे वळून बघितलं नाही. वाण्याला म्हटलं, भिकार. न्हाव्याला म्हटलं, डोकं उठतं. औषधवाल्याला म्हटलं, बाबा, तुझं बोलणं मनाला लागलं म्हणून मी ती परत बघितली, माझंच चुकलं होतं, अगदी फालतू निघाली. तो दुकान बंद करून घरी पळाला! जुन्या चिठ्ठ्या काढून नव्या केल्या, 'वेळ वाया घालवू नका.' आणि काय सांगू, या वेळी एकानंही चिठ्ठीनं काच पुसली नाही, प्रत्येकानं वाचली!

आणि लागली की हो पेटायला! जो तो तेच. वाण्याच्या दुकानात रांगेत तेच, शाळेच्या फाटकाशी तेच. एकाची बहीण परगावी, तिला फोन, तिच्या ऑफिसात तेच. आणि सगळे येऊन मलाच भांडायला लागले! ती खरी परीक्षा हो! मुख्याध्यापिकाबाई चष्मा न्यायला आल्या आणि चष्मा राहिला बाजूला, रडायलाच लागल्या. "काय तो म्हातारा! 'पुन्हा पहिल्यापासून बघू या…' आणि तुम्ही याला पोरखेळ म्हणालात? चष्मे विकता ना हो तुम्ही? हृदय आहे की नाही?" आणि मला काय करायला लागलं? मला म्हणायला लागलं, "छे! काय ठेवलंय त्यात!" आतून नुसतं उचंबळून येत होतं, वाटत होतं, बाई, अजून बोला, अजून शिव्या द्या, थांबू नका! त्या म्हणाल्या, "कुणाच्या पोटची असेल हो ही लेखिका? धन्य ते आईबाप!" मी काउंटरखाली वाकलो. म्हटलं, स्क्रू पडला. कसला स्क्रू, डोळे पुसत होतो! आणि तिथूनच ओरडलो, "असेल कुणीतरी, बापानं लाडावून ठेवलेली!"

पण कहर केला साडूंनी. फोन आला. आवाज कसा, पालखीत बसल्यासारखा. "काय चष्मेवाले, एक मालिका सांगतो, लिहून घ्या. हरवलेल्या वस्तूंची. मी शोधून काढलीय." मी शोधून काढलीय! माझ्या पोरीची मालिका मला सांगतोय! "तुम्हाला नाही आवडायची म्हणा. मी ऐकलंय, तुम्ही नावं ठेवत फिरताय. असू द्या. याला पारख लागते, पारख!" …माझा शब्द! माझा शब्द मलाच! माझ्या हातात तेव्हा एक फ्रेम होती, तिची दांडी मोडली. पण मूग गिळले आणि म्हटलं, हो साडू, तुमच्यासारखी पारख आम्हाला कुठली! आता सगळ्या नातेवाइकांत त्यांचं नाव झालंय, काय हिरा शोधला म्हणून. अहो, तो हिरा माझ्या घरात तीन वर्षांचा असताना साबणाचं पाणी प्यायला होता! मी शोधून काढला म्हणे!

असो. तर परवा संध्याकाळी पोरगी दुकानात आली. पायरीवरूनच कळलं मला, चेहरा असा उजळलेला. दुसरा भाग मंजूर झाला होता आणि विमावाल्या साहेबांना तिनं कळवून टाकलं होतं की खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. हे मला सांगायला ती धावत आलेली. तोंड उघडणार, तेवढ्यात औषधवाला मध्ये! "बरं झालं ताई आलात! जरा समजवा तुमच्या बाबांना! काय ती सुंदर मालिका, आणि हे गावभर भिकार, टाकाऊ, फालतू म्हणत सुटलेत! त्या लेखिकेच्या कानावर गेलं तर जीव देईल हो ती!"

ती माझ्याकडे वळली. काय सांगू तुम्हाला… तो उजेड गेला ना तिच्या तोंडावरचा. "बाबा? तुम्ही?" एवढंच. आणि मला बोलता येईना! पोरीचीच शपथ, आणि तो औषधवाला समोर उभा, हलायचं नाव नाही! मी नुसता हातवारे करतोय, हा म्हणतोय, "बघा, बघा, उत्तर नाही!" तेवढ्यात देवासारखं एक गिऱ्हाईक आलं त्याच्याकडे, खोकत, आणि तो गेला.

मग मी तिला यंत्रासमोरच्या स्टुलावर बसवली आणि धडाधडा सगळं सांगून टाकलं. ती ऐकत होती, ऐकत होती, आणि अशी हसायला लागली की काउंटर धरून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी! हसणं थांबलं तशी हळूच म्हणाली, "आणि बाबा, खरं खरं… तुम्हाला कशी वाटली?"

म्हटलं, बाळा, खरं सांगू? तो म्हातारा प्रत्येक चष्मा दोन्ही हातांनी काढतो. एकदाही एका हातानं ओढत नाही. एका हातानं काढला की दांडी सैल पडते, हे मी तुला इथेच शिकवलं होतं, या स्टुलावर, ओरडून. जगात कुणाच्या लक्षात येणार नाही ते, पण माझ्या आलं. मी इतकी वर्षं लोकांना चांगलं काय ते सांगत आलो, पण तुझ्याइतकं चांगलं मी आजवर काही बघितलं नाही. ती म्हणाली, "मग ते कुठून आलं असेल, बाबा? तुम्ही सांगितलेले सगळे पिक्चर मीच तर बघितलेत." दोघं रडलो. सर्दी नव्हती.

मग मी उठलो! म्हटलं, आता बास झालं लपवणं! आता दारात उभा राहून ओरडतो! माझी मुलगी! माझी मालिका! अप्रतिम! चुकवू नका! शटरपर्यंत पोचलो होतो, तर पोरीनं मागून शर्ट धरला. "बाबा, पाया पडते, असलं काही करू नका! तुम्ही चांगली म्हणालात तर दुसरा भाग कोण बघणार? कंपनीतल्या मॅडमसुद्धा विचारत होत्या, तुमच्या भागातून एवढे लोक कसे बघतात म्हणून. दुसरा भाग यायच्या आत जरा जोरात सुरुवात करा!"

तर आता हे असं आहे. पोरगी लिहीत राहणार, जग तिला डोक्यावर घेणार, साडू मिरवणार, आणि बापानं एकट्यानं जन्मभर नावं ठेवायची. ठेवतो! तेवढं करतो पोरीसाठी! तेव्हा मंडळी, तुम्हीसुद्धा ती बघू नका. अगदी टाकाऊ आहे. आणि एवढं सांगूनही बघितलीत, आवडली, आणि लेखिकेच्या बापाला कळवावंसं वाटलं, तर तसदी घेऊ नका. मी ओळखतो त्याला. भला माणूस आहे, पण घरीदारी कुणी त्याचं ऐकत नाही.